नानांना वाचून दाखवलेलं पुस्तक

एप्रिलच्या शेवटी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि येत्या वर्षी मशीन लर्निंगचा पेपर मी शिकवायचा आहे असं सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या काचेखाली तिरका झालेला एक कागद बोटाने सरळ करायचा प्रयत्न चालला होता. तेवढ्यावरून मला कळलं की दुसरं कुणी उरलेलं नाही. हा विषय ज्याच्याकडे जाणार होता तो तरुण शिक्षक पुण्याला नोकरी लागली म्हणून महिन्यापूर्वीच सोडून गेला होता.

"सर, मी हे कधी शिकलेले नाही," मी म्हटलं.

"मॅडम, इथे कोण शिकलंय? सुट्टी आहे ना पुढे. पुस्तकं मागवा, वाचा. तुम्हाला जमेल."

आमचं कॉलेज धुळ्यात, देवपूरला. तिथे मी लग्न झाल्यापासून कॉम्प्युटर शिकवते. सी भाषा, डेटाबेस, थोडं वेब पेज बनवणं. हे सगळं मला इतकं पाठ होतं की वर्गात उभी राहून मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करू शकत होते. विद्यार्थी चांगले होते, निकाल चांगला लागायचा, आणि निवृत्तीपर्यंत असंच जाईल असं मी धरून चालले होते.

दोन पुस्तकं मागवली. एक यंत्राच्या बुद्धिमत्तेमागच्या गणिताचं आणि दुसरं त्याचे प्रोग्राम कसे लिहायचे त्याचं. खोकं उघडलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "विटा मागवल्यास का?" मी हसले. पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण गोड होतं. दुसरं ठीक. तिसऱ्यात पायाखालची जमीनच सरकली. पानभर चिन्हं, मध्ये मध्ये एखादं वाक्य, आणि त्या वाक्यात हमखास लिहिलेलं असायचं की हे तर उघडच आहे. मला काहीच उघड नव्हतं. मग मोबाईलवर व्हिडिओ बघितले. बघताना सगळं समजायचं. व्हिडिओ संपवून कोरा कागद पुढे घेतला की पेन हलायचं नाही. दोन्ही मुली घरात होत्या, त्या विचारायच्या, "आई, झालं का ते?" आणि मी म्हणायचे, चाललंय.

खरं सांगायचं तर भीती विषयाची कमी आणि वर्गाची जास्त होती. आजकालची मुलं सगळं फोनवर बघून येतात. साक्री, पिंपळनेरहून एसटीने येणारी मुलंसुद्धा वर्गात शिरताना चार नवे शब्द घेऊन शिरतात. त्यांच्यासमोर फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि पुढची ओळ आठवायची नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

आमच्या गल्लीत नाना राहतात. ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं पिंपळनेरला काढली, मग देवपूरला घर बांधलं. गल्लीतली अर्धी मुलं त्यांच्या ओट्यावर गणित शिकून मोठी झाली. नानांचा एक डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी आयुष्यभर फळा लिहिला, पेपर तपासले, पुस्तकं वाचली. आता त्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तो चांगलाच पिकला होता. ऑपरेशन करा म्हणून सगळे मागे लागले होते. नाना म्हणायचे, बघू, दिवाळीनंतर. दिवाळी होऊन गेली की म्हणायचे, उन्हाळा नको. कारण अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला एकदा हळूच सांगितलं होतं. एकच डोळा, आणि त्यातच काही झालं तर? हे ते तोंडाने कधी बोलले नाहीत.

मी त्यांच्याकडे गेले ती एका चिन्हाची शंका घेऊन. आंशिक डेरिव्हेटिव्हचा तो वाकडा डी. पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. नानांनी ते नाकापर्यंत नेलं, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि पुस्तक मला परत दिलं.

"पानावर साय धरल्यासारखं दिसतं," ते म्हणाले. "तू वाच. मी ऐकतो."

असं आमचं वाचन सुरू झालं. सकाळी ऊन चढायच्या आत मी जायचे. नाना ओट्यावर खुर्चीत, मी खाली चटईवर, पाठ भिंतीला. अक्का आत. मोठ्याने वाचायचं म्हणजे चिन्हंसुद्धा वाचायची. डोळ्यांनी वाचताना आपण समीकरणावरून घसरत जातो, ते तोंडाने वाचताना करता येत नाही. माझी जीभ पहिल्याच ओळीला अडली.

"करली डी एल बाय करली डी डब्ल्यू," मी वाचलं.

"हा एल कोण?"

"लॉस. म्हणजे यंत्राची चूक. किती चुकलं ते."

"आणि डब्ल्यू?"

"वजन."

"कशाचं वजन?"

मी दोन पानं मागे गेले, मनात वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "यंत्राकडे आत येणाऱ्या आकड्यांपैकी कुणाला किती महत्त्व द्यायचं, ते."

"मग असं बोल ना. आता पूर्ण वाक्य सांग, इंग्रजी नको."

"या आकड्याचं महत्त्व जरासं बदललं, तर चूक किती बदलेल."

"हां," नाना म्हणाले. "पुढे."

असं एक पान व्हायला कधी कधी अख्खी सकाळ जायची. मला लाजही वाटायची की एवढ्या मोठ्या माणसाचा वेळ मी खाते आहे. पण नंतर लक्षात आलं की मला उशीर झाला तर नाना फाटकाकडे कान लावून बसलेले असतात. वाचणं बंद झाल्यापासून ते दिवसभर रेडिओ ऐकायचे आणि चिडायचे. अक्कांनी मला एकदा चहा देताना त्यांच्या अहिराणीत सांगितलं, "तू येस तवळपासून यास्नं डोकं थंड शे."

आमचे वाद व्हायचे. नाना मराठी शब्दांवर अडून बसायचे, मी पुस्तकातल्या शब्दांवर. अक्का आतून ओरडायच्या, "पुस्तक इंग्रजीमा शे, आन् भांडण मराठीमा!"

ज्या प्रकरणाला मी सगळ्यात जास्त घाबरत होते ते मेच्या मध्यात आलं. यंत्र स्वतःची चूक बघून स्वतःला कसं दुरुस्त करतं, त्याचं. आकडे थराथराने पुढे जातात, म्हणून चूक शेवटच्या थरात मोजायची आणि मग मागे मागे येत प्रत्येक वजनापर्यंत तिचा हिशेब पोचवायचा. समीकरण तीन ओळींचं होतं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर मी वाचून दाखवलं. नाना डोळे मिटून ऐकत होते. मध्येच हसायला लागले.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"साइन एक्स स्क्वेअर. याचं डेरिव्हेटिव्ह सांग."

बारावीनंतर मला हे कुणी विचारलं नव्हतं. तरी तोंडातून आलं, "कॉस एक्स स्क्वेअर, गुणिले टू एक्स."

"हा टू एक्स कुठून आला?"

"आतून."

"झालं तर. चेन रूल आहे हा, माय! बाहेरचं घ्यायचं, मग आतलं, त्याच्या आतलं, आणि सगळे गुणायचे. या पुस्तकवाल्यांनी डबीत डबी जास्त ठेवल्यात, एवढंच."

मी ती तीन ओळींची भानगड बघत राहिले. पहिली डबी, तिच्या आतली, तिच्या आतली. सगळं दिसत होतं. इतके दिवस छातीवर जे दडपण घेऊन मी फिरत होते ते तिथे चटईवर बसल्या बसल्या उतरलं. मला रडू यायला लागलं आणि नानांना दिसत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. पण त्यांना ते आवाजावरून कळलं असावं. ते म्हणाले, "अगं, हिला पाणी दे," आणि दुसरीकडे तोंड करून बसले.

मग दुसरं पुस्तक उघडलं. तयार साधनं न वापरता एक छोटं जाळं, म्हणजे न्यूरल नेटवर्क, स्वतः लिहून काढायचं, असं त्यात सुचवलं होतं. हाताने लिहिलेल्या देवनागरी अंकांची चित्रं इंटरनेटवर मिळतात. यंत्राने चित्र बघून हा एक, हा नऊ असं ओळखायचं. प्रोग्राम लिहायला मला भीती नव्हती, ते माझं रोजचं काम. दोन दिवसांत लिहून झाला. लॅपटॉप घेऊनच नानांच्या ओट्यावर गेले. चालू केला. प्रत्येक फेरीनंतर चूक किती, तो आकडा स्क्रीनवर यायचा आणि तो मी वाचायचा, असं ठरलं. पहिला आकडा आला. दुसरा त्याहून मोठा. तिसरा भलताच मोठा. आणि मग आकडे बंदच झाले, त्या जागी तीन इंग्रजी अक्षरं येऊ लागली. आकडा नाही, असा त्यांचा अर्थ. उच्चार नॅन.

"नॅन," मी वाचलं. "नॅन. नॅन. नॅन."

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "त्यास्ले कसाले हाका मारी राह्यनी?"

मी नानांना हाका मारते आहे असं त्यांना वाटलं होतं. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र हसू येत नव्हतं. सगळं बरोबर लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

"पाऊल केवढं टाकतेस?" ठसका थांबल्यावर नानांनी विचारलं.

आम्ही वाचलं होतं की हे सगळं उतार शोधत खाली जाण्यासारखं आहे. चूक म्हणजे उंची. उतार कुठे आहे ते बघायचं, त्या दिशेला एक पाऊल टाकायचं, पुन्हा बघायचं. पाऊल केवढं, ते आपण ठरवायचं. मी पुस्तकात न बघताच एक आकडा टाकून दिला होता.

"मी या ओट्याच्या पायऱ्या आता कशा उतरतो?" नाना म्हणाले. "आधी अंगठ्याने चाचपतो. मग जरासा उतरतो. एकदम ढांग टाकली तर मी पायरीवर नाही, फाटकावर जाऊन पडेन. तुझं यंत्र फाटकावर पडलंय."

मी पाऊल लहान केलं. पुन्हा चालू केलं. आकडा आला, त्यापुढचा त्याहून कमी, त्यापुढचा अजून कमी. मी वाचत गेले. अक्काही दारात टेकून उभ्या राहिल्या. "कमी व्हस का?" त्या विचारायच्या, आणि मी मान हलवायचे. वीज गेली तरी लॅपटॉप चालू राहिला आणि आम्ही तिघं घामाने निथळत त्या उतरणाऱ्या आकड्यांपाशी बसून राहिलो. शेवटी यंत्र बहुतेक सगळे अंक ओळखायला लागलं. पाच आणि सहामध्ये गडबड करायचं, पण ती मीसुद्धा काही मुलांच्या अक्षरात करते.

अडचण आली ती चित्रापाशी. पुढच्या प्रकरणात एक आकृती होती. लांबट वर्तुळं, एकात एक, आणि त्यांच्यातून मध्याकडे जाणारी एक नागमोडी रेघ, म्हणजे चुकीच्या उतारावरून खाली जाणारी वाट. खाली लिहिलेला मजकूर त्या आकृतीशिवाय समजतच नव्हता.

"कांदा उभा कापल्यावर दिसतात तशा रेषा आहेत," मी म्हणाले.

"सगळ्यांचा मध्य एकच?"

"हो. पण सगळं जरा तिरकं आहे."

"तिरकं कुठल्या बाजूला? आणि वाट नागमोडी का जाते?"

"तशी काढलीय, नाना."

"तशी काढलीय म्हणजे? कारण असेल ना. ती रेषा वर्तुळांना कुठे छेदते, काटकोनात का?"

मी त्यांच्या तळहातावर बोटाने काढून बघितलं. त्यांना अजूनच घोळ झाला. मग त्यांनी पुस्तक घेतलं, ओट्याच्या कडेला उन्हात गेले, पान डोळ्याशी नेलं, लांब नेलं, आडवं धरलं. बराच वेळ तसे उभे होते. अक्का आतून "ऊन लागेल" म्हणाल्या तरी हलले नाहीत. शेवटी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि आत गेले. मी तशीच घरी आले. त्यांच्या मनाला लागलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच आमच्या दारात.

"जळगाव जानं शे. यास्नी डॉक्टरले फोन कया. तू येशी ना संगे?"

जळगावच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर म्हणजे नानांची पिंपळनेरची जुनी विद्यार्थिनी. ती किती वर्षं मागे लागली होती. नाना-अक्कांची मुलगी सुरतला, तिच्या घरी आजारपण होतं, म्हणून आम्हीच निघालो. गाडी आमच्या ह्यांनी चालवली. पारोळा, एरंडोल मागे पडलं.

डॉक्टरबाईंनी डोळा तपासला. "सर, इतका उशीर का केलात?"

"आतापर्यंत अडलं नव्हतं," नाना म्हणाले. "आता अडलंय."

मग डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदू फार पिकलेला आणि घट्ट झालेला आहे. साध्या ऑपरेशनपेक्षा जपून करावं लागेल. त्या पूर्ण काळजी घेतील, पण धोका शून्य आहे असं त्या म्हणणार नाहीत. नाना म्हणाले, "करा." अक्कांनी पदराचं टोक मुठीत धरलं ते सोडलं नाही.

दुपारी तपासण्या झाल्यावर नानांना आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. तेव्हा मला खरी भीती वाटली. माझ्या त्या पुस्तकाने यांना इथवर आणलं होतं. आकृती मी नीट सांगू शकले असते तर हे घडलंच नसतं. उद्या पट्टी सोडल्यावर यांना काहीच दिसलं नाही तर अक्कांकडे मी कुठल्या तोंडाने बघणार होते? पिशवीत पुस्तक होतं, ते बाहेर काढायची इच्छाच होईना.

शेजारी रावेरकडची एक बाई बसली होती, सासूला तपासायला घेऊन आलेली. घरची केळी आणली होती, त्यातली दोन तिने अक्कांच्या हातात ठेवली. "घाबरू नका काकू. आमच्या सासूबाईंचं मागे झालं इथेच. आता गहू निवडताना एक खडा सोडत नाहीत, उलट मलाच ओरडतात." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खडे राहतात म्हणून ओरडते." अक्का पहिल्यांदा हसल्या. केळं मात्र त्यांनी खाल्लं नाही, हातात धरून बसल्या.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं, तोंडावर मास्क होता. तो त्यांनी खाली ओढला. "छान झालं," त्या म्हणाल्या. "वेळ लागला, पण छान झालं. उद्या पट्टी काढू."

ती रात्र दवाखान्याच्या खोलीत गेली. सकाळी पट्टी काढली. नाना उघडझाप करत होते, डोळ्यातून पाणी येत होतं. डॉक्टरबाईंनी बोटं समोर धरली. नानांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते अक्कांकडे बघत होते.

"ही साडी हिरवी आहे?" त्यांनी विचारलं.

"मंग?" अक्का म्हणाल्या.

"मी काळी समजत होतो."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. आमचे हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी खुर्चीत बसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. परतीच्या रस्त्यावर नाना काळ्या चष्म्यातून दुकानांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होते. अक्षरं अजून धूसर होती, पण चुकलं की ते स्वतःच हसायचे. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा अक्कांनी पिशवीतलं कालचं केळं काढून खाल्लं.

वाचायचा चष्मा मिळायला महिन्याहून जास्त लागला. तोवर मीच वाचत होते. आमचे प्रवेश त्या वर्षी लांबले, ते माझ्या पथ्यावर पडलं. चष्मा आला त्या सकाळी मी गेले तर नाना पुस्तक घेऊन बसलेले, त्या आकृतीचंच पान उघडलेलं.

"एका बाजूने उतार उभा आहे आणि दुसऱ्या बाजूने अगदी सपाट," मला बघताच ते म्हणाले. "म्हणून तुझी वाट नागमोडी जाते. उभ्या उताराच्या बाजूला ती दर पावलाला पलीकडे जाते. आणि कांदा काय म्हणालीस? हा कांदा नाही, ही काकडी आहे."

मी म्हटलं, "काकडी तर काकडी."

ते पान उलटून पुढे वाचायला लागले. मी बसले आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. मी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि घरी आले.

ऑगस्टमध्ये तास सुरू झाले. पहिल्या दिवशी मी लवकर गेले. वर्ग भरलेला. मी नेहमीसारखी स्लाइड लावली नाही. फळ्यावर एक छोटं जाळं काढलं, दोन आकडे आत, एक बाहेर, आणि जाळ्याची चूक हाताने मोजून दाखवली. मग मागे मागे आले. एका ठिकाणी खडू थांबला, पण पुढची पायरी आली. मुलं लिहून घेत होती. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं की यंत्र चुकलं हे यंत्राला सांगतं कोण? त्याचं उत्तर मला येत होतं आणि मी ते दिलं. नंतर पुढच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"मॅडम, मोबाईलवर आपल्याशी बोलणारं जे असतं, ते हेच का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. एप्रिलपासून मी याच प्रश्नाला घाबरत होते.

"पाया हाच आहे," मी म्हणाले. "त्याच्यावरचं बांधकाम बरंच मोठं आहे आणि ते मला अजून पूर्ण येत नाही. मी वाचते आहे. जेवढं समजेल तेवढं या सत्रात तुम्हाला सांगेन. तुम्हाला आधी समजलं तर तुम्ही मला सांगा."

वर्गात कुणी हसलं नाही. कुणी एकमेकांकडे बघितलं नाही. तो मुलगा "हो मॅडम" म्हणून खाली बसला आणि मी पुढचं उदाहरण घेतलं.

तास संपल्यावर हात धुतले तरी नखांत खडू राहिला होता. कडकडून भूक लागली. कॅन्टीनमध्ये गेले, भजी गरम निघत होती, एक प्लेट घेतली आणि पंख्याखालच्या टेबलावर एकटीच बसून सावकाश खाल्ली. संपली तेव्हा कॅन्टीनवाल्याने विचारलं, "मॅडम, अजून देऊ का?"

"द्या," मी म्हटलं. "आणि मिरची पण."